दोन तास पन्नास मिनिटं

९ जानेवारी

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक आहे. गुडघा कुरकुरतो आणि मीही कुरकुरतो, तेव्हा दोघांचं जमतं. कान आहेत तसेच, उजवा कायमचा गेलेला आणि डावा यंत्राच्या भरवशावर. फोनवर मला अजून नुसती शिट्टी ऐकू येते, म्हणून फोनच्या फंदात पडू नकोस. पत्र पाच दिवसांनी का होईना, स्पष्ट ऐकू येतं.

आज लिहिण्याचं कारण म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. पुढच्या महिन्यापासून तुझ्या गावाहून माझ्या गावाला थेट विमान सुरू होतंय. आजवर मधल्या विमानतळावर उतरून सहा-सहा तास ताटकळावं लागायचं, ते संपलं. बातमीदाराने मात्र ठोकून दिलंय, की प्रवास अवघ्या दोन तासांचा. मी लगेच संपादकाला पत्र टाकलं. एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत सरळ हवाई अंतर बावीसशे चौदा किलोमीटर. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून, वारा अजिबात नसेल तर दोन तास पन्नास मिनिटं. तुझ्याकडून इकडे येताना वारा समोरून असतो, म्हणून तीन वीस. परत जाताना पाठीशी, म्हणून दोन पस्तीस. छत्तीस वर्षं उड्डाण नियोजनाच्या खोलीत बसून मी दुसरं काय केलं? वारा, उंची, इंधन आणि वेळ एका कागदावर मांडायचा आणि कॅप्टनच्या हातात द्यायचा. आता माझा कागद कोणी मागत नाही, म्हणून संपादकांना पाठवतो.

तुझं लग्न झालं तेव्हा आई रडायला लागली होती. मी तिला म्हटलं होतं, अगं, पोरगी दोन तास पन्नास मिनिटांवर तर चाललीय, तू धुणं भिजवून वाळत घालशील तोवर पोचेल. तिला ते पटलं होतं. मलाही पटलं होतं.

तुझ्या वहिनीला जाऊन या बावीस तारखेला दोन वर्षं होतील. तू आली नाहीस. चार ओळींचं पत्र आलं. मी तेव्हा काही बोललो नाही, आताही बोलत नाही, फक्त लिहितोय. पहिल्यांदा शाळेचे गणवेश शिवून द्यायची घाई होती, मग मेहुणेबुवांची पाठ धरली होती, मग घराच्या रंगाचं काम काढलं होतं. आता थेट विमान आलंय, तेव्हा सबब नवी शोधावी लागेल. मला तर कानाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी विमानाची पायरी चढू नका म्हणून सांगितलंय, म्हणजे यायचं तुलाच.

मेहुणेबुवांना नमस्कार सांग. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून बसगाड्या उशिरा सुटल्याचा दोष त्यांना कोणी देत नसेल, तेवढं सुख. राग आला तर इथे येऊन रागव.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा


१९ जानेवारी

ती. दादास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. संपादकाला लिहिलेलं पत्र आणि मला लिहिलेलं पत्र यांत त्याला जास्त मानाने लिहिलं असशील, याची मला खात्री आहे. असो. टोमणे वर्मी लागले. लागायलाच हवे होते.

दादा, घराला रंग दिला नव्हता. दोन वर्षांत आमच्या भिंतींना कुंचला लागलेला नाही. यांची पाठही ठणठणीत आहे, परवाच माळ्यावरून शिलाई मशीन एकट्याने उतरवलं. गणवेशांचं तेवढं खरं होतं, पण ते मी दुसरीकडे देऊन टाकले होते.

आता नीट सांगते, मधे उठू नकोस. हे पत्र मी दवाखान्यात पडून लिहितेय. डाव्या हातात दोन सुया आहेत, उजवा मोकळा आहे, म्हणून अक्षर असं तिरकं आलंय. माझी मूत्रपिंडं काम करत नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा, मशीन माझं रक्त धुऊन परत देतं. चार तास जागचं हलायचं नाही. हे सगळं वहिनी गेली त्याच आठवड्यात सुरू झालं. तुझ्या शेजाऱ्यांनी यांना फोन केला तेव्हा मला मानेत नळी घालून पहिल्यांदा मशीनला जोडलं होतं. यांनी मला संध्याकाळी सांगितलं. मी उठून बसले आणि म्हटलं, निघायचं. नर्सबाईंनी मला परत आडवं केलं.

तुला कळवू नका, अशी शपथ मीच यांना घातली. तुझी बायको गेलेली, त्यात बहिणीचं दुखणं कुठे तुझ्या गळ्यात बांधू? वाटलं, चार महिन्यांनी सांगू. मग चार महिन्यांनी सांगायची लाज वाटायला लागली. एक थाप मारली की तिला अस्तर म्हणून दुसरी लावावी लागते. तशी दोन वर्षं गेली. वहिनीने मला पहिल्यांदा कात्री धरायला शिकवलं होतं आणि मी तिच्यासाठी चार ओळी लिहिल्या. त्याही यांनी कागद धरून माझ्याकडून लिहून घेतल्या, कारण मला उठून बसू देत नव्हते.

तब्येत तशी बरी आहे. दिवसाला एक बाटली पाणी, त्यातच चहा, त्यातच औषधाचा घोट. बाकी मी शिवते, भांडते, यांना कामाला लावते. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तू करशीलच.

माझ्यावरचा राग उतरला नसेल तरी पत्र लिहायचं थांबवू नकोस, एवढी विनंती.
तुझी,
भिंगरी


२७ जानेवारी

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, नंतर बसून. तिसऱ्यांदा वाचताना शेजारी आले, त्यांना वाटलं माझ्या कानात दुखतंय. मी तसंच वाटू दिलं.

मला तुझा राग आला नाही असं नाही. आला. तू मला काय समजलीस? एका दुःखावर दुसरं ठेवलं की मोडेन इतका मी कच्चा? पण मग माझं मागचं पत्र आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं मी मनात तुझ्यावर खटला चालवत होतो, आणि तू तिकडे मानेत नळी घेऊन पडली होतीस.

आता कामाचं. परवा इथल्या इस्पितळात जाऊन आलो. बाहेरगावच्या पेशंटला एक दिवस मशीन मिळेल का, विचारलं. तिथल्या बाईंनी दोनदा सांगितलं, मला ऐकू आलं नाही, मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. तीनच मशिनं आहेत, सगळ्यांच्या पाळ्या भरलेल्या आहेत आणि अकरा जण वाट पाहताहेत. म्हणजे तुझ्यासाठी शुक्रवार अकरा ते सोमवार सात, एवढीच खिडकी. अडुसष्ट तास. याहून अरुंद खिडकीतून मी विमानं काढली आहेत.

तुझ्या डॉक्टरांना विचार, की मशीन झाल्यावर किती तासांनी निघता येईल, सोमवारच्या किती आधी घरी पोचायला हवं, आणि विमानात चार तास बसलेलं चालेल का. अंदाजे उत्तर आणू नकोस. डॉक्टर मंडळी ‘बघू’ म्हणतात, ते माझ्या कागदावर मांडता येत नाही.

लोभ होता, आहे, मधे मी तो कपाटात ठेवला होता.
तुझा,
दादा


६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना तुझे तिन्ही प्रश्न वाचून दाखवले. ते म्हणाले, तुमचे भाऊ कुठे तपास अधिकारी आहेत का? मग हसले आणि नीट उत्तरं दिली. मशीनच्या दिवशी प्रवास नाही, कारण त्या दिवशी मला चक्कर येते. शनिवारी सकाळी निघायला हरकत नाही. रविवारी संध्याकाळी आठच्या आत घरी हवं. विमानात बसलेलं चालेल, पण पाय मोकळे करत राहायचं आणि पाणी ठरल्यापेक्षा एक घोटही जास्त नाही. हे मी तुझ्यासाठी लिहून घेतलंय, खाली त्यांची सही आहे. झालं समाधान?

वॉर्डात बातमी फुटली आहे. शेजारच्या पलंगावरच्या हेडमास्तरबाई दर पाळीला विचारतात, भावाकडे जायचं ठरलं का? नर्सबाई म्हणतात, मी पाणी कमी पिऊन वजन नीट सांभाळलं तर त्या मला खिडकीजवळचा पलंग देतील. सगळ्यांना वाटतंय की मी परदेशदौऱ्यावर निघाले आहे.

हिशेब करताना एक सांभाळ. आम्ही कापड बेतताना शिवणीला थोडी माया ठेवतो, नाहीतर पहिल्यांदा हात वर केला की उसवतं. तुझ्या कागदावर नेहमी सगळं मिनिटाला मिनिट चिकटलेलं असतं. थोडी माया ठेव.

डॉक्टरांना मी आणखी एक विचारलं, ते तुझ्या यादीत नव्हतं. हे असं किती वर्षं चालेल? ते म्हणाले, काहींचं दोन, काहींचं पंधरा. या वयात दुसरं मूत्रपिंड बसवायचं नाही असं ठरलंच आहे. म्हणजे बघ, मला घाबरून जायचं नाही आणि थांबूनही राहायचं नाही. मला यायचंय, दादा. वहिनीच्या खोलीत एकदा बसायचंय आणि तुझ्याशी समोरासमोर भांडायचंय. पत्रातून भांडण झोंबत नाही.

हे नमस्कार सांगतात. काहीतरी बोलायच्या बेतात होते, मग मान हलवून पेपर वाचायला लागले.

तुझ्या कागदाची वाट पाहते, लोभाची पाहावी लागत नाही.
तुझी,
भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

ठरलं. सात मार्च, शनिवार. तुमच्याकडून विमान दहा वीसला सुटतं, इथे दुपारी एक चाळीसला उतरेल. तीनपर्यंत तू घरात. दुसऱ्या दिवशी एक वाजता घर सोडायचं, साडेतीनला विमान, सहा पाचला तू तिकडे जमिनीवर. आठच्या आत घरी पोचायला जवळजवळ दोन तास उरतात. ही घे तुझी माया.

घरात बावीस तास मिळतात. त्यातले झोपेत किती घालवायचे ते तू ठरव, मी तर फारसा झोपत नाही. वहिनीची खोली झाडून घेतली. तिचं शिवणाचं टेबल खिडकीकडे सरकवलं, मग वाटलं तिने ते कधीच खिडकीकडे ठेवलं नव्हतं, म्हणून परत मागे ओढलं. यात एक दुपार गेली आणि गुडघ्याने माझ्याशी अबोला धरला.

विमानतळावरही जाऊन आलो. दारापासून विमानापर्यंत चालायला किती पावलं, ते मोजून आलो. चारशे बारा. तुला जास्त वाटली तर चाकाची खुर्ची मिळते, मी बोलून ठेवलंय. माझ्या जुन्या खोलीत आता तीन तरुण मुली बसतात. मी तिथे छत्तीस वर्षं होतो म्हटल्यावर त्यांनी मला चहा दिला. मी करायचो तो कागद आता यंत्र अर्ध्या मिनिटात काढतं. मी त्यांना सात मार्चचा तुझा वेळ काढायला सांगितलं. यंत्र म्हणालं, तीन तास एकोणीस मिनिटं. एका मिनिटाने माझं चुकलं, हे कबूल करतो.

आता फक्त ये.
लोभ विमानतळावर समक्ष हजर राहील.
तुझा,
दादा


१० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काय झालं ते तुला अर्धं कळलंच आहे. उरलेलं अर्धं सांगते.

शनिवारी आम्ही साडेसातलाच विमानतळावर पोचलो. बाहेर धुकं असं, की यांना समोरचा बसथांबासुद्धा दिसेना. मी आत गेले, हे काचेच्या पलीकडे उभे राहिले. त्यांना म्हटलं, जा आता घरी. ते म्हणाले, विमान सुटू दे. दहा वीसचं विमान बारा वाजता जाईल म्हणाले, मग दोन वाजता. मी माझी पाण्याची बाटली समोर धरून बसले होते, त्यातलं अर्धं अकरालाच संपलं होतं. शेजारी एक लहान मुलगी सरबत पीत होती. दादा, मी त्या मुलीकडे इतकं बघितलं, की तिच्या आईने तिला उचलून दुसऱ्या बाजूला बसवलं.

तीन वाजता सांगितलं, विमान आता उद्या सकाळी जाईल, आणि परतीचं सोमवारी दुपारी. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, बाई, सोमवारी सकाळी सातला मला मशीनवर असायला हवं. ती बिचारी उठून बाहेर आली, तिने माझा हात धरला, पण विमान काही तिच्या हातात नव्हतं. मी पिशवी घेऊन बाहेर आले. हे तिथेच उभे होते. सात तास उभे होते. त्यांनी पिशवी घेतली आणि आम्ही बसने घरी आलो.

तू तिकडे चारपर्यंत वेळापत्रकाच्या फलकाखाली उभा होतास, असं तुझ्या शेजाऱ्यांनी यांना फोनवर सांगितलं. सूचना ऐकू येत नाही म्हणून फलकावरून नजर काढत नव्हतास म्हणे. हे ऐकलं आणि मी रडले. तोवर रडले नव्हते.

काल मशीनवर माझा रक्तदाब एकदम उतरला. डोळ्यांपुढे काळोख आला, सगळे धावले. आता बरी आहे. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की त्या दिवसाची दगदग सोसली नाही, तेव्हा यापुढे प्रवासाचं नाव काढायचं नाही. यंदा नाही का, विचारलं. ते म्हणाले, नाहीच. माझ्यापुढे त्यांनी पहिल्यांदाच ‘बघू’ म्हटलं नाही.

तेव्हा दादा, आता आपण पत्रांवरच भागवू. तुझ्या कागदात चूक नव्हती, हे मनाला लावून घेऊ नकोस. वहिनीची खोली आहे तशी राहू दे. टेबल मागेच बरं होतं.

लोभ कागदावरच पाठवते, दुसरा रस्ता दिसत नाही.
तुझी,
भिंगरी


११ मार्च

श्री. दादा यांस,
स. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. आमच्या घरात लिहिण्याचं खातं तिच्याकडे आहे. हे पत्र तिला न सांगता लिहितोय, कारण सांगितलं तर ती नको म्हणेल.

मी एक्केचाळीस वर्षं तुमचा मेहुणा आहे. तुमच्या घरात जेवताना विमानं, पत्ते खेळताना विमानं. तुमचे वडील विमानतळाच्या हवामान खात्यात, तुम्ही नियोजनात, ही लहानपणापासून तिथेच वाढलेली. मी बस डेपोचा टाइमकीपर. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, की तुमच्याकडे एकदा बसने आणि रेल्वेने जाऊ, वाटेत चार गावं बघू. तेव्हा सगळे इतके हसलात, की तुमच्या आईंना ठसका लागला. तुमच्या नोकरीमुळे विमानाचं सवलतीचं तिकीट मिळत होतं, तेव्हा हसलात ते बरोबरच होतं. पण नंतर मी तुमच्या घरात रस्त्याचं नाव काढलं नाही. गेल्या महिन्यात काढणार होतो, पण धीर झाला नाही. तुम्हा दोघांचं विमानाचं ठरलं होतं आणि ती खुशीत होती.

विमानात बसायची बंदी तुम्हाला आहे. वेळेची बंदी तिला आहे. तुम्हाला वेळेची बंदी कोणी घातली आहे काय?

तुमच्या गावाहून सकाळी आठला बस सुटते. बारापर्यंत रेल्वे स्टेशन. दुपारी दोनची गाडी तिसऱ्या दिवशी साडेअकराला जंक्शनला पोचते. तिथे साडेचार तास थांबायचं. चारला दुसरी गाडी, ती आमच्याकडे पहाटे पाच दहाला. घरापासून एकोणसत्तर तास दहा मिनिटं. रविवारी निघालात तर बुधवारी पोचाल. खालचा बर्थ मागून घ्या, गुडघा आहे. जंक्शनला प्रतीक्षालय दोन नंबरच्या फलाटावर आहे, पंखा चालतो. हे सगळं मी कालच डेपोत आणि स्टेशनवर जाऊन पडताळून आणलंय.

ती शनिवारपासून शिवत नाही. मशीनवर कापड घातलेलं तसंच आहे. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

लोभाबद्दल काय लिहितात मला माहीत नाही, तो आहे असं धरून चाला.
आपला,
मेहुणा


१६ मार्च

श्री. मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. मी रविवारी, बावीस तारखेला निघतोय. खालचा बर्थ मिळाला.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी सर्वांत मोठ्याने मीच हसलो होतो. माफी मागतो. आपला कागद मी बारकाईने तपासला, सवयच आहे. एकही चूक सापडली नाही. माझ्या खोलीत आपण असता तर माझी नोकरी धोक्यात आली असती.

परतीच्या वेळा आपण लिहिल्या नाहीत. नजरचुकीने राहिल्या असं मी समजत नाही. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

तिला सांगा, पण मी निघाल्यावर. आधी सांगितलंत तर ती पत्र टाकून मला अडवेल, आणि तिचं मला ऐकावं लागतं. स्टेशनवर घ्यायला यावं, मला फलाटावरच्या सूचना ऐकू येत नाहीत.

आपल्या लोभाला मी आजवर विचारलं नाही, तरी तो राहिला, याचं आश्चर्य वाटतं.
आपला,
दादा


२४ मार्च, जंक्शनचं प्रतीक्षालय

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

दुपारचा एक वाजलाय. पंखा चालतोय. मेहुणेबुवांनी लिहिल्याप्रमाणे सगळं जागच्या जागी आहे, गाडी मात्र बारा मिनिटं उशिरा आली. तेवढं त्यांना सांगायला मला फार मजा वाटणार आहे.

येऊ नकोस असं पत्र तू एव्हाना टाकलं असशीलच. ते माझ्या दाराच्या फटीतून आत पडून राहील. आणि हे मी इथल्याच पेटीत टाकतो, म्हणजे मी तुझ्याकडे पोचल्यावर दोन दिवसांनी ते येईल. तरीही लिहितोय, कारण समोर बसून मला हे बोलता यायचं नाही, आणि तू काय म्हणालीस ते मला धड ऐकू यायचं नाही.

प्रवास बरा झाला. समोरच्या बर्थवर एक सुतार होते, बायको आणि दोन करवती घेऊन निघालेले. मी कुठे चाललो ते त्यांनी विचारलं, मी बहिणीकडे म्हटलं. किती लांब, असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून सवयीने दोन तास पन्नास मिनिटं निघून गेलं. गाडीत बसून तोवर दीड दिवस झाला होता. त्यांनी बायकोकडे बघितलं, आणि पुढच्या स्टेशनवर मला चहा आणून दिला. म्हातारा वाट चुकलाय असं त्यांना वाटलं असावं.

इतकी वर्षं मी या दोन गावांमध्ये रेघ ओढत आलो, पण रेघेखाली काय आहे ते बघितलंच नव्हतं. काल दिवसभर खिडकीशी होतो. शेतं, वीटभट्ट्या, एक मोठा पूल, पुलाखाली पोहणाऱ्या म्हशी. एका ठिकाणी गाडी उगाचच चाळीस मिनिटं उभी राहिली. मी चिडलो नाही. शेजारचा प्रवासी चिडला, मी त्याची समजूत घातली. तुझ्या वहिनीने हे पाहायला हवं होतं.

आता जे लिहायचं ते लिहितो. मेहुणेबुवांना वाटतं, की आगगाडीचं आमच्या डोक्यातच आलं नाही. विमानवाली माणसं, जमिनीवरचं काही दिसत नाही, म्हणून. त्यांना तसंच वाटू दे, पण ते खरं नाही. मला ठाऊक होतं. वहिनी गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी वेळापत्रक आणून पाहिलं होतं. हीच बस, हीच गाडी. तेव्हा निघालो असतो तर तुझ्या मानेतली नळी मी पाहिली असती. पण मी निघालो नाही. मी मोठा, माझी बायको गेली, तेव्हा यायचं ते धाकटीने, हे धरून बसलो. तू येत नाहीस त्याची मिनिटं मोजत राहिलो आणि वेळापत्रक रद्दीत घातलं. कान, विमान, डॉक्टर, हे सगळं खरं होतं, पण माझ्या न येण्याचं कारण ते नव्हतं. तू मला तीन सबबी दिल्यास, त्या तू कबूलही केल्यास. माझी एकच होती, आणि ती मी दोन वर्षं चालवली.

त्या शनिवारी विमानतळावर फलकाखाली उभा होतो तेव्हा हे पहिल्यांदा नीट कळलं. तुझ्या विमानापुढे ‘रद्द’ आलं, आणि मला वाटलं, आता ही दिसणारच नाही. फार भ्यालो, भिंगरी. आई गेली तेव्हाही इतका भ्यालो नव्हतो.

उद्या बुधवार आहे, तुझी पाळी सातची. हे पत्र तुला नंतरच मिळेल, म्हणून हाच निरोप पहाटे फलाटावर मेहुणेबुवांकडे देईन. माझ्यासाठी ती बदलू नकोस आणि घरी थांबू नकोस. मी सामान घेऊन थेट वॉर्डात येईन. नर्सबाईंना सांगून ठेव, की एक बहिरा म्हातारा येईल, त्याला हाकलू नका. खुर्ची तुझ्या उजव्या बाजूला मांडायला सांग, तोंड तुझ्यासारखंच पलंगाच्या पायथ्याकडे. म्हणजे माझा चालता कान तुझ्याकडे येईल आणि तुझा मोकळा हात माझ्याकडे. चार तास हलायचं नाही म्हणतात, तर मीही हलणार नाही.

लोभ असावा म्हणून आजवर दर पत्रात लिहीत आलो, उद्या हात धरून मागेन.
तुझा,
दादा